फळा पुसण्याआधी

हवामान केंद्र, ९ ऑगस्ट १९९९

प्रिय दोना झिल्दा,

तुम्ही आणि प्रोफेसर अदेमार केंद्रातून निवृत्त होऊन पेद्रा मान्साला गेलात तेव्हा मी शब्द दिला होता की ऑफिसची कटकट तुमच्या मागे लावणार नाही. तो आज मोडते. चार वेळा फोन केला, लागला नाही.

नवं यंत्र आलं. खरं तर यंत्र कसलं, बत्तीस साधे संगणक तारांनी जोडून कपाटात रचलेत, प्रत्येकाकडे नकाशाचा एक पट्टा. जुनं सप्टेंबरअखेर बंद होणार. पाऊस आणि दरडी वर्तवणारा प्रोफेसरांचा प्रोग्रॅम नव्यावर चढवला. शब्दही बदलला नाही. आता पूर्वीच्या निम्म्या वेळात नकाशा बाहेर येतो आणि आमचे संचालक डॉक्टर क्लोविस येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाटाशी नेऊन तो दाखवतात.

पण मागच्या जानेवारीचा पाऊस घालून तपासताना मधूनच नकाशात डोंगराचा पट्टा कोरडा येतो. शेजारच्या पट्ट्यांत धो धो पाऊस आणि मध्ये डोंगरावर ऊन. दहा वेळा चालवलं की एखाद्या वेळी. मी शोधायला बसले. पहिला संगणक काय करतो ते पावलोपावली छापून घ्यायच्या ओळी टाकल्या, तर दोष गायब! ओळी काढल्या, दोष हजर. माझ्या हाताखालचा वाल्देसी म्हणतो, "ओळी राहू द्या की दोना, यंत्राला तुमची भीती वाटते." सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन झोप मात्र लागली नाही.

तो पट्टा म्हणजे आल्तो दा कान्देया. तुम्हाला आठवतं ना, उतारावरची ती घरं, एकावर एक रचल्यासारखी? मागे आपण आदल्या दिवशी सांगितलं म्हणून ती माणसं शाळेत येऊन झोपली आणि वाचली. नकाशा कोरडा आला तर त्यांना कोण उठवणार?

नवं यंत्र स्वीकारल्याच्या कागदावर सही माझी लागते. प्रोफेसरांना एवढंच विचारा: पहिला संगणक सगळ्यांना "झालं, पुढचा तास" असा निरोप देतो, फळा पुसतो आणि पुढच्या तासाचा पाऊस लिहितो, तिथे काही बिघडू शकतं का? (सगळे जिच्यातून पाऊस वाचून घेतात त्या सामाईक फाइलला आम्ही अजून फळाच म्हणतो.)

माझी मुलगी ताईस तुमचा, तिच्या धर्ममातेचा, आशीर्वाद मागते.

तुमची,
नोएमिया

—

पेद्रा मान्सा, २३ ऑगस्ट

नोएमिया,

पत्र पोचलं. अक्षर पूर्वीसारखंच वाईट आहे. फोन बिघडला आहे, करत बसू नकोस.

अदेमार म्हणतात, तिथे काहीही बिघडू शकत नाही. निरोपाची ती हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे. बत्तीसच्या बत्तीस त्या ओळीवर येतात तेव्हाच ती पुरी होते. म्हणजे त्या ओळीपलीकडे पहिला संगणक गेला, याचा अर्थ सगळ्यांचं वाचून झालेलं आहे. मग फळा पुसायला हरकत काय? चार पावसाळे प्रोग्रॅम याच रीतीने चालला आणि एकदाही डोंगर कोरडा आला नाही. माणसं नवी भांडी घेतात आणि भात करपला की तांदळाला नावं ठेवतात.

दोष शोधायचा तर पावसाची आकडेवारी केंद्रात येते तिथे शोध. तारा तपास. वाल्देसीला थट्टा करायला वेळ आहे, तर त्याला कपाटामागे वाकायला लाव.

सहीचं म्हणशील तर तू विभागप्रमुख आहेस. तपास, खात्री कर आणि कर सही. घोळ घालत बसू नकोस. क्लोविसला घोळ घालणारी बाई मिळाली की तो तिला राजधानीतल्या दफ्तरखान्यात पाठवतो, हे तू पाहिलं आहेस.

ताईसला आशीर्वाद. गणिताकडे लक्ष दे म्हणावं.

झिल्दा

—

हवामान केंद्र, ३० सप्टेंबर

प्रिय दोना झिल्दा,

सही केली.

तारा बदलल्या. मग जुलैची आकडेवारी घेऊन सलग आठवडाभर प्रोग्रॅम चालवला. एकदाही चूक नाही. तरी माझा हात कागदावर अडला होता. शेवटी प्रोफेसरांचे शब्द आठवले. ज्याने प्रोग्रॅम लिहिला तोच म्हणतो की तिथे काही बिघडू शकत नाही, तर मी कोण शंका घेणारी?

आज दुपारी जुनं यंत्र बंद केलं. पंख्यांचा आवाज थांबला आणि खोली एकदम परकी वाटली. डॉक्टर क्लोविसनी मक्याचा केक आणला होता. मला म्हणाले, "काय नोएमिया, उगाच दोन महिने तोंड पाडून फिरलात!" मी केक खाल्ला. फार थकले आहे. या वर्षी कोणाशी वाद घालायचं त्राण उरलेलं नाही.

एक विचारू? प्रोफेसर पूर्वी तुमच्या पत्राच्या कडेला काहीतरी चित्र काढायचे, मांजर नाहीतर माझं नाक. या वेळी नव्हतं. रागावलेत का माझ्यावर?

तुमची,
नोएमिया

—

हवामान केंद्र, २२ नोव्हेंबर

प्रिय दोना झिल्दा,

तुमचं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण परवा शनिवारी डोंगर कोरडा आला.

या मोसमातला पहिला मोठा पाऊस होता. नकाशात सगळीकडे निळं आणि आल्तो दा कान्देयावर पांढरी पट्टी. आम्ही इशारा दिला नाही. दुपारी गावाखालच्या रस्त्यावर दरड आली. दुधाचा ट्रक खड्ड्यात गेला, ड्रायव्हरचा खांदा मोडला. घरांच्या बाजूला काही झालं नाही, पण ते आपल्या कर्तृत्वाने नाही.

तिथे नागरी संरक्षणाचं काम सेउ ओनोफ्रे पाहतात. त्यांचा फोन आला.

"दोना नोएमिया, तुमच्या नकाशात आमच्याकडे काल काय होतं हो?"

"कोरडं होतं, सेउ ओनोफ्रे."

"वा! मग बायकोला सांगतो, वाळत घातलेले कपडे आत आणू नकोस, केंद्राचा हुकूम आहे."

मग तेच हळू आवाजात म्हणाले, "चेष्टा नाही करत, दोना. इथली माणसं आकाशाकडे बघत नाहीत आता. तुमच्या फोनकडे बघतात."

दोना झिल्दा, जुलैची आकडेवारी! मी आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यातली आकडेवारी घेऊन पावसाळ्याची परीक्षा घेतली. पाऊस नसला की डोंगराच्या पट्ट्यालाही काम थोडंच असतं. तो बाकीच्यांबरोबर चालतो. हे मला आता सुचतंय. पण त्यापुढे डोकं चालत नाही.

तुम्ही लिहिलंत, "अदेमार म्हणतात." मी त्या दोन शब्दांवर सही केली. आता त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात. रागावले असले तरी लिहाव्यात. मोठा पाऊस जानेवारीत येतो.

नोएमिया

—

पेद्रा मान्सा, १ डिसेंबर

नोएमिया,

अदेमार लिहू शकत नाहीत. ईस्टरच्या आठवड्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. तेव्हापासून एक शब्द बोललेले नाहीत. मागच्या पत्रातलं उत्तर माझं होतं. फोन बिघडलेला नाही. घंटा वाजली की ते दचकतात म्हणून मी तार काढून ठेवली आहे. केंद्रात कळलं असतं तर सगळे केक घेऊन भेटायला आले असते आणि त्यांना तसं पाहून गेले असते. ते मला नको होतं. तू एवढ्यावरच सही करशील असं वाटलं नव्हतं, पण मी लिहिलंच अशा ठसक्यात की तू दुसरं काय करणार?

एवढं पुरे. आता कामाचं बोलू.

तुझं पत्र आलं तेव्हा मी त्यांना भरवत होते. मक्याच्या पिठाची पातळ लापशी, दुसरं काही चालत नाही. रुग्णालयातल्या पोरीने सुरुवातीलाच मला झापलं होतं. मी चमचा तोंडात दिला की लगेच दुसरा भरायची. ती म्हणाली, "दोना, तुमचं देऊन झालं म्हणजे त्यांचं गिळून झालं असं नाही. गळ्याकडे बघा. गळा हलला की मग दुसरा." आठ महिने मी त्या गळ्याकडे बघते आहे, आणि तुला मात्र लिहून बसले की निरोप दिला म्हणजे पोचला.

जुन्या यंत्रावर निरोपाची हाक दिली की पहिला संगणक खरोखरच सगळे येईपर्यंत थांबायचा. पण तो त्या यंत्राचा स्वभाव होता, ब्रॉडकास्टचा नियम नव्हे. मी माळ्यावरून नियमांचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे: अशा सामूहिक कामात सगळे एकमेकांसाठी थांबतील असं धरून चालू नका, आणि थांबणार नाहीत असंही धरून चालू नका. थांबवण्याचं वचन फक्त बॅरियरचं. बाकीच्या हाकांत ज्याचा वाटा संपला तो पुढे निघून जाऊ शकतो.

नव्या यंत्रात तुझा पहिला संगणक निरोप तारेच्या तोंडाशी ठेवतो आणि चालू लागतो. त्याच्या वाट्याला सपाट जमीन आहे, काम थोडं. तो फळा पुसतो. डोंगराचा संगणक अजून मागच्या तासाच्या हिशेबात अडकलेला असतो. तो येतो तेव्हा फळा कोरा. कोरा फळा म्हणजे पाऊस नाही. पाऊस जितका जास्त तितकं त्याचं काम जास्त, तितका तो उशिरा येणार. म्हणजे ज्या दिवशी इशारा हवा, नेमका त्याच दिवशी तो चुकणार. तू छापायच्या ओळी टाकल्यास तेव्हा पहिला संगणक छापण्यात रखडला आणि मागच्याला वाचायला वेळ मिळाला. यंत्र तुला घाबरत नव्हतं.

फळा पुसण्याच्या ओळीआधी बॅरियर घाल. एकच ओळ. सगळे तिथे पोचल्याखेरीज कोणी पुढे जाणार नाही. मग या मोसमातल्या त्या शनिवारचा पाऊस घेऊन परीक्षा घे, जुलैचा नव्हे.

झिल्दा

—

हवामान केंद्र, २० डिसेंबर

दोना झिल्दा,

तीन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. आठ महिने! मी शनिवारी बसने आले असते, कपडे धुतले असते, एक दिवस तुम्हाला झोपू दिलं असतं. केक आणला नसता. तुमचं असं झालं की कोणाला काही कळू द्यायचं नाही आणि सगळ्यांनी तुमच्या अंदाजाने चालायचं. हे लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.

ओळ घातली. शनिवारचा पाऊस घेऊन तीन दिवस चालवलं. डोंगर प्रत्येक वेळी निळा.

पण नकाशा आता उशिरा येतो. जुन्या यंत्राहून लवकर, तरी डॉक्टर क्लोविसनी पाहुण्यांना सांगितलेल्या वेळेहून उशिरा. त्यांनी मला बोलावलं.

"एकतीस संगणक हात बांधून उभे आणि एकाची वाट बघतायत? यासाठी घेतलं का हे?"

"तो एक डोंगर आहे, डॉक्टर."

"डोंगर असू दे. ती ओळ काढा. नकाशा कधीतरीच चुकतो ना?"

"मोठा पाऊस असला की चुकतो. बाकी रोज बरोबर येतो."

"नोएमिया, स्वीकृतीवर तुमची सही आहे."

"ती मागे घ्यायला आले आहे." आणि कागद टेबलावर ठेवला. का, ते त्यात एका पानात लिहिलं होतं. तुमचंच लिहिणं, थोडं सौम्य करून.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. तेही थकलेत, दोना झिल्दा. मंत्रालयातून रोज कोणीतरी वेळेचे आकडे मागतं. शेवटी म्हणाले, "मोसम संपेपर्यंत ओळ राहू दे. पण एक जरी इशारा खोटा गेला तरी राजधानीतला दफ्तरखाना तुमचा." मी म्हटलं, "तिथे पंखा आहे का?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

नाताळात येते. नको म्हणू नका. तार जोडू नका, मी दारावर टकटक करेन.

नोएमिया

—

पेद्रा मान्सा, ३ जानेवारी २०००

नोएमिया,

तू आलीस, धुणं धुतलंस, स्वयंपाकघर पसरून गेलीस. झारा अजून सापडलेला नाही.

तू मला झोपवलंस त्या दुपारनंतर माझ्या ध्यानात आलं की मी किती दमले होते. त्याआधी समजतच नव्हतं. असो.

बॅरियरची गोष्ट अदेमारना सांगितली. कोणाचा प्रोग्रॅम, कुठली ओळ, सगळं. त्यांनी डोळे मिटले. समजलं म्हणून की झोप आली म्हणून, ते सांगता येत नाही. उद्या पुन्हा सांगेन.

तुमच्याकडे पाऊस सुरू झाल्याचं रेडिओवर ऐकलं. जास्त लिहीत नाही, तुला काम असेल.

झिल्दा

—

हवामान केंद्र, १ फेब्रुवारी

प्रिय दोना झिल्दा,

वर्तमानपत्रात वाचलं असेल. त्यात नव्या यंत्राचा फोटो आहे, शेजारी डॉक्टर क्लोविस. झालं ते असं.

सोळा तारखेला, रविवारी, दुपारच्या नकाशात डोंगराचा पट्टा असा गडद आला की वाल्देसीच्या तोंडूनही थट्टा निघेना. खोऱ्यातल्या सगळ्या गावांना फॅक्स केला. यंत्राने कागद बाहेर टाकला: सर्वत्र पाठवला. डॉक्टर क्लोविस घरून आले होते, पायात चपला. म्हणाले, "झालं. गेला इशारा. आता गावांचं काम."

मी पर्स उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले. पाठवला हे आमच्या यंत्राचं म्हणणं होतं. वाचला असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. परत आले आणि एकेका गावाला फोन लावत बसले. सगळ्यांनी उचलला, हो म्हणाले. आल्तो दा कान्देयाच्या ऑफिसात नुसती घंटा. रविवार! फॅक्स कुलपाआडच्या खोलीत जाऊन पडला होता. सेउ ओनोफ्रेंच्या घरीही कोणी उचलेना. शेवटी चौकातल्या बेकरीचा नंबर मिळवला.

"पाव संपला," पलीकडून आवाज. "पाच वाजता या."

"पाव नको. मी हवामान केंद्रातून बोलते. सेउ ओनोफ्रे कुठे आहेत?"

"मैदानावर. सामना चाललाय."

"बोलवा त्यांना."

"दोना, पंच आहेत ते. सामना थांबेल."

"गाव हरतंय की जिंकतंय?"

"हरतंय."

"मग कोणी रागावणार नाही. पळा."

बेकरीवाला रिसीव्हर काउंटरवर ठेवून गेला. मी ऐकत बसले. पावसाचा आवाज, एक कुत्रा, कोणीतरी बाई नाणी वाजवत विचारते, "कोणी आहे का?" मला वाटलं आता लाइन तुटणार. मग सेउ ओनोफ्रे धापा टाकत आले. मी सांगितलं. ते म्हणाले, "या खेपेला नक्की ना, दोना? मागे ऊन होतं." मी म्हटलं, "नक्की. आणि सगळी शाळेत आली की मला फोन करा. तोवर मी इथून हलत नाही."

अंधार पडताना फोन आला. एक म्हातारा कोंबड्यांशिवाय येईना, म्हणून कोंबड्याही शाळेत आल्या होत्या. सोमवारी सकाळी उतार सुटला. वरच्या ओळीतली घरं गेली. आत कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं मी रडेन, नाचेन, निदान सुट्टी घेईन. यातलं काही झालं नाही. घरी गेले आणि पायातले बूट न काढता झोपले. बॅरियरची ओळ कायम राहिली, त्याचा कागद निघाला. शिवाय दुसरा हुकूम निघाला: इशारा दिल्यावर प्रत्येक गावाचं उत्तर आल्याशिवाय विभागप्रमुखाने खुर्ची सोडायची नाही. विभागप्रमुख मीच. वाल्देसी म्हणतो, "तुम्हीच मागितलंत, दोना."

काल पुन्हा पाऊस, पुन्हा इशारा. एकेक गाव हो म्हणत गेलं. रिबेरांव दास आन्तास हे गाव काही केल्या फोन उचलेना. शिपायाने खिडक्या लावल्या, दिवे घालवले, फक्त माझ्या टेबलावरचा ठेवला. डॉक्टर क्लोविस छत्री घेऊन दारात आले.

"चला नोएमिया, मी सोडतो घरी. फॅक्स गेलाय ना सगळ्यांना?"

"एक गाव राहिलंय."

ते घड्याळाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग छत्री कोपऱ्यात टेकवली, वाल्देसीची खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले.

तुमची,
नोएमिया